हरेगावच्या दारात हन्ना

वाचनासाठी उतारा : १ शमुवेल १:९-२८ आणि २:१८-१९



प्रवराकाठच्या वस्तीवरची एक भिल्ल बहीण यंदा सप्टेंबरात मला म्हणाली, "ताई, हरेगावला जायचंय. येता का संगं?" इतकी वर्षं श्रीरामपूरला राहून मी मतमाउलीच्या यात्रेला कधी गेले नव्हते. आमची मंडळी प्रॉटेस्टंट. नवस, मेणबत्त्या, हार हे आपलं नव्हे, असंच ऐकत वाढले. तरी गेले.

१९४९ पासून ही यात्रा भरते. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा, त्याच्या आसपास. ज्या हरेगावात एके काळी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, तिथेच. रांगेत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ होते. पायी आलेल्यांच्या टाचा पाहून मला माझ्या रिक्षाची लाज वाटली.

मूर्तीपुढे माझी सोबतीण थांबली ती हलेचना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागून लोक ढकलत होते. मी तिचा दंड धरून ओढला आणि बाहेर आल्यावर वर ऐकवलंही : "मूर्तीकडे काय मागायचं? येशूकडे माग."

ती म्हणाली, "मागितलं काही नाही, ताई. पोरीला यंदा फडावर नेणार नाही, असं कबूल केलं."

शिलोच्या मंदिराच्या दाराशी बसलेला एली याजक असाच चुकला. हन्नेचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत, तर बाई प्यायली आहे असं त्याने ठरवलं. पदविकेच्या वर्गात या उताऱ्यावर मी हन्नेविषयी पानंच्या पानं लिहिली होती. एलीच्या जागी आपण बसू शकतो, हे सुचलं नव्हतं. त्याच्या बाजूने एक सांगायला हवं : तिने खरं सांगताच तो वाद घालत बसला नाही, तिला शांतीने जा म्हणाला. मला तेवढंही लगेच जमलं नाही.

नवस म्हणजे देवाशी सौदा, असं आपण चटकन म्हणतो. हन्नेने मुलगा मागितला हे खरं. पण तिचा शब्द होता तो मुलगा आपल्याजवळ न ठेवण्याचा. दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोला नेऊन सोडलं. माझ्या सोबतिणीच्या शब्दाचीही अशीच किंमत आहे. नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेऊन झाली होती, म्हणजे जाणं चुकत नव्हतं. नऊ वर्षांची पोर कोपीत धाकट्याला सांभाळते, म्हणून आईचा कोयता चालतो. पोर शाळेत राहिली, तर दीड वर्षाच्या लेकराची झोळी बांधावर, उन्हात.

लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरियेचं गीत हन्नेच्या गीताशेजारी ठेवून वाचा. दोघीही दीनांना वर उचलणाऱ्या देवाविषयी बोलतात. अभ्यासगटात हेही एकमेकांना विचारा : आपल्या चर्चच्या दाराशी कुणाला आपण न ऐकताच ओळखलं?

मुलगी आता वसतिगृहात आहे. दिवाळीनंतर आईबाप फडावर गेले. हन्ना दर वर्षी शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. निघताना या आईने माझ्या हातात दोनशे रुपये ठेवले. म्हणाली, "नाताळाला झगा घ्या तिला. चार बोटं लांब घ्या, मी येईपर्यंत वाढंल."