उगमाकडे चला

शास्त्रभाग : २ राजे २:१९-२२



यरीहोचे लोक अलीशाकडे आले. नगराची जागा चांगली, पण पाणी वाईट, ही त्यांची तक्रार. अलीशाने नव्या भांड्यात मीठ मागवले आणि तो झऱ्याच्या उगमाशी गेला. पाणी बरे झाले ते परमेश्वराच्या वचनाने. पण संदेष्टा घराघरांतल्या मडक्यांपाशी थांबला नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

मी हा धडा उशिरा शिकले. गडबच्या एका अंगाला खारेपाट, दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगराकडच्या एका कातकरी वाडीत आम्ही दर पावसाळ्याआधी टीसीएल पावडर देत असू. विहिरीत पावडर पडली की काम झाले, असे मला वाटे. एका वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर घरोघरी जुलाब लागले. एका लेकराला रात्री उचलून दवाखान्यात न्यावे लागले. देवकृपेने ते वाचले. सकाळी एक आजी मला म्हणाली, "ताई, वर चला. पानी कुठून येतं ते बघा."

वर उघडा उतार, गुरांची बसण्याची जागा, त्यापलीकडे लोकांची शौचाची जागा. तिथले सारे पावसाबरोबर विहिरीत उतरत होते. गढूळ पाण्यात क्लोरीन माती आणि घाणीतच खर्ची पडते. जंतू मारायला उरत नाही.

ज्या उताराचे पाणी विहिरीत येते, ते तिचे पाणलोट क्षेत्र. ते असे राखावे :

१. शौचालय व शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान १५ मीटर दूर.
२. गुरांचे पाणी व धुणे विहिरीपासून लांब, खालच्या बाजूला.
३. उतारावरचा झाडोरा राखावा, आडवे चर खणावेत. विहिरीला कठडा बांधावा.
४. टीसीएल चालूच ठेवावी. अर्ध्या तासाने पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. जलसुरक्षकाकडून तपासून घ्यावे.

उतार वनजमिनीत असेल तर? वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ५ नुसार वनहक्कधारकांना व ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे उगम राखण्याचा अधिकार आहे. तो ग्रामसभेत मागावा.

आपल्या पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. डोंगर राखणारा आदिवासी बांधव दूरच्या शेजाऱ्याचीही तहान भागवतो. मग त्याच्या लेकराने गढूळ पाणी का प्यावे?

मननासाठी : यहेज्केल ३४:१८ वाचा. आपल्या पायांनी कोणाचे पाणी गढूळ होते? आपल्या विहिरीच्या वरचा उतार आपण शेवटचा कधी चढलो?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला उगमापर्यंत चालण्याचे बळ दे. आमेन.