अभ्यासपाठ : वाणीचे तप आणि आपला अंगठा

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या पाठात आपण शरीराचे तप पाहिले. आज गीतेच्या 17 व्या अध्यायातला 15 वा श्लोक, म्हणजे वाणीचे तप. श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे, म्हणून इथे परत देत नाही. अर्थापाशी मात्र थोडं थांबू या. भगवंतांनी बोलण्याला चार कसोट्या लावल्या आहेत. त्या बोलण्याने ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उठू नये, ते खरं असावं, प्रिय वाटेल असं असावं आणि त्यात ऐकणाऱ्याचं हित असावं. जोडीला स्वाध्यायाचा नित्य अभ्यास सांगितला आहे.

आपल्याला वाटतं, हे सगळं तोंडाने बोलण्याबद्दल आहे. पण खरं पाहिलं तर आता दिवसभरात आपण तोंडापेक्षा अंगठ्यानेच जास्त बोलतो. सकाळी सुविचार, मग कांद्याच्या भावाची बातमी, कोणाचं निवडणुकीवरचं मत, गुडघेदुखीवरचा उपाय, दुपारी 'आजकालच्या सुना' आणि रात्री एखादा भीतीदायक व्हिडिओ. उचलली जीभ लावली टाळ्याला ही म्हण आपल्या आज्यांच्या वेळची. आज त्या असत्या तर त्यांनी अंगठ्यावर म्हण केली असती.

आजच्या पाठात एकच गोष्ट मनात पक्की करायची आहे. दुसऱ्याने लिहिलेलं आपण पुढे पाठवलं तरी ते आपलंच बोलणं होतं. "मी फक्त फॉरवर्ड केलं" ही पळवाट वाणीच्या तपात नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, आमच्याच चुकीतून शिकलो. म्हणून आधी ती चूक सांगतो.

*आमच्या हातून काय झालं*

बडोद्याच्या मंडळींना 2024 चा ऑगस्ट आठवत असेल. 26 तारखेला सोमवारी गोकुळाष्टमी होती आणि पाऊस थांबायलाच तयार नव्हता. पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, सगळीकडे पाणी. वीज गेलेली, फोनची बॅटरी संपत आलेली. मगरी वस्तीत आल्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातले काही खरे होते, काही कुठले कुठले जुने.

मंगळवारी रात्री आमच्यापैकी एका भगिनीला मेसेज आला की आजवा सरोवराचा बांध फुटला आहे, दोन तासांत पाणी येईल, घर सोडा, जास्तीत जास्त लोकांना कळवा. सयाजीरावांच्या काळातलं जुनं आजवा आपल्या सगळ्यांना माहीत, तिथून सोडलेलं पाणी विश्वामित्रीत येतं हेही माहीत. त्यामुळे काळजात धस्स झालं. आम्ही विचार केला नाही, कोणाला विचारलंही नाही. पाच मिनिटांत तीन कुटुंब-ग्रुपांवर तो मेसेज गेला, वर आम्ही हात जोडल्याची खूणही टाकली.

आपल्या सत्संगातलं एक वृद्ध जोडपं पहिल्या मजल्यावर राहतं. घरात पाणी नव्हतं, खाण्यापिण्याची सोय होती, ते सुरक्षित होते. मेसेज वाचून दोघं अंधारात जिना उतरले. काकांचं वय 78. खाली गुडघ्याएवढं पाणी. नातेवाइकांकडे जायला निघाले आणि फाटकापाशी काकूंचा पाय घसरला. शेजारच्या मुलांनी दोघांना उचलून परत वर नेलं. काकूंच्या मनगटाचं हाड मोडलं होतं, पण पाणीच उतरेना, त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायला दोन दिवस गेले.

आजवा फुटलं नव्हतं.

आता पुढचं सांगायला जास्त जड जातं. बातमी खोटी आहे हे कळल्यावर आम्ही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि गप्प बसलो. कोणी काही विचारलं नाही. काकूंना भेटायला गेलो, फळं नेली, औषधांची चौकशी केली, पण मेसेज आम्ही टाकला होता हे तोंडातून निघेना. तीन आठवडे असे गेले. जपाला बसलं की तेच आठवायचं. शेवटी आम्ही तिघी परत गेलो आणि सांगितलं, "काकू, तो मेसेज आमचा होता. माफ करा."

काकू म्हणाल्या, "अगं, माहीत आहे मला. तुमचं नाव बघूनच तर निघालो. दुसऱ्या कोणाचा असता तर हे म्हणाले असते, सकाळपर्यंत थांबू. सत्संगाच्या ग्रुपवर आलंय म्हणजे खरंच असणार, असं म्हणत यांनी चपला घातल्या."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लोकांनी त्या मेसेजवर विश्वास ठेवला नव्हता, आमच्यावर ठेवला होता. तो विश्वास आम्ही कमावलेलाही नव्हता. गुरुमहाराजांच्या नावाने चाललेल्या ग्रुपवर तो आपोआप आमच्या पदरात पडला होता.

*चार कसोट्या आपल्या फोनला*

पहिली कसोटी, उद्वेग. मेसेज वाचून आपलीच छाती धडधडली, तर तो पुढे पाठवण्याची ती वेळ नव्हे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या 5 निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात हैदराबादचा एक तरुण अभियंता अशाच अफवेतून बिदर जिल्ह्यात मारला गेला. त्या काळात फिरणारा एक व्हिडिओ कराचीत मुलांच्या सुरक्षिततेच्या जागृतीसाठी केलेला होता, फक्त शेवटचा खुलासा कापून टाकलेला. पाठवणाऱ्या हजारो लोकांना वाटत होतं, आपण मुलांना वाचवतोय. हेतू चांगला होता म्हणून बोलणं खरं ठरत नाही.

दुसरी कसोटी, सत्य. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात उत्तम लक्षणांचा समास आहे. त्यात समर्थ साध्या गोष्टी सांगतात. वाट विचारल्याशिवाय चालू लागू नये, फळ ओळखीचं नसेल तर खाऊ नये, रस्त्यात पडलेली वस्तू एकदम उचलू नये. फॉरवर्ड म्हणजे अशीच रस्त्यात पडलेली वस्तू. कोणाची, कधीची, काही ठाऊक नाही. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो आपल्यापर्यंत अनेक हातांतून आला आहे असं समजा. जुलै 2018 मध्ये भारतात एका वेळी 5 च ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर झाली आणि एप्रिल 2020 पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. यंत्रालाही लगाम घालावा लागला, मग आपण स्वतःला का घालू नये?

पूर, धरण, वादळ असं काही असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 हा नंबर आहे, महानगरपालिका आणि कलेक्टर कचेरीच्या सूचना असतात. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल काही असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर पाहता येतं. औषधाचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावं. बेळगावकडे सीमेवरून वातावरण तापलं की जुने व्हिडिओ नव्याने फिरतात, तिथे तारीख आणि ठिकाण पाहिल्याशिवाय हात आवरावा. आणि काहीच पडताळता आलं नाही तर पाठवू नये, एवढं सोपं आहे.

तिसरी कसोटी, प्रिय. इथे बातमीपेक्षा मतांचा प्रश्न आहे. आपल्या ग्रुपवर एकदा परदेशात गेलेल्या मुलांवर आणि मागे राहिलेल्या आईबापांवर एक झणझणीत लेख आला. पंधरा-वीस जणांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी एक भगिनी न बोलता ग्रुप सोडून गेल्या. त्यांचा मुलगा कॅनडात आहे, रोज फोन करतो, आणि त्याला पाठवण्यासाठी त्यांनीच दागिने मोडले होते. त्यांना उद्देशून कोणी काही लिहिलं नव्हतं, पण लागलं त्यांनाच.

मत असू नये असं नाही. सुनांबद्दल, मुलांबद्दल, महागाईबद्दल, राजकारणाबद्दल प्रत्येकाचं काही मत असणारच. फक्त ते स्वतःच्या शब्दांत आणि "मला असं वाटतं" म्हणून मांडावं. आणि पाठवण्याआधी मनाला एक प्रश्न विचारावा : ज्यांना हे लागू पडतं त्यांच्या घरी चहा घेताना, त्यांच्या तोंडावर मी हे म्हणेन का?

चौथी कसोटी, हित. बातमी खरी असली तरी ती या ग्रुपवर, या वेळी कोणाच्या उपयोगाची आहे? अपघाताचे फोटो खरे असतात, पण रात्री दहाला ते आजींना दाखवून काय साधणार?

*चूक झालीच तर*

डिलीट करणं म्हणजे चूक सुधारणं नव्हे. ज्यांनी वाचलं त्यांच्या मनातून ते पुसलं जात नाही. जिथे टाकलं तिथेच दोन ओळी लिहाव्यात : "माझा कालचा मेसेज चुकीचा होता, क्षमस्व, कोणी पुढे पाठवला असल्यास तिथेही कळवा." चूक वडीलधाऱ्यांची असेल तर चारचौघांत "हे खोटं आहे" असं लिहू नये. आधी त्यांना फोन करावा, "काका, हे जरा तपासलं, असं असं निघालं," आणि दुरुस्ती त्यांनाच लिहू द्यावी. आणि कोणी अशी दुरुस्ती लिहिली तर बाकीच्यांनी चेष्टा न करता त्यांना धन्यवाद द्यावेत. नाहीतर पुढच्या वेळी ते आमच्यासारखे तीन आठवडे गप्प बसतील.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

1. या आठवड्यात आपण पुढे पाठवलेले मेसेज एकदा परत वाचा. त्यातले किती आपण स्वतःच्या तोंडाने बोललो असतो?
2. अस्वस्थ करणारा कोणताही मेसेज आला तर एक माळ जप होईपर्यंत फोन बाजूला ठेवा. मग ठरवा.
3. आपल्या एखाद्या मेसेजने कोणी दुखावलं असेल असं वाटत असेल तर या आठवड्यात त्यांच्याशी फोनवर किंवा समक्ष बोला.

कॅनडावाल्या भगिनींकडे आम्ही गेलो होतो. त्या ग्रुपवर परत आलेल्या नाहीत, पण गुरुवारच्या आरतीला येऊ लागल्या आहेत. काकूंचा हात बरा झाला आहे, थंडीत थोडा दुखतो. हा पाठ पाठवण्याआधी आम्ही त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "पाठवा. हा खुशाल सगळ्यांना फॉरवर्ड करा."

पुढील पाठ : मनाचे तप.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥