अंबरपेठेतून हिवाळी पक्षी

प्रश्न : हैदराबादच्या अंबरपेठेत राहतो. थंडीत बदकं, शिकारी पक्षी, घुबडं पाहायला कुठे जावं?

उत्तर : सुरुवात दाराशीच करा. मुसी नदीच्या घाणीला नाक मुरडू नका; सांडपाण्यात सूक्ष्मजीव मुबलक, आणि थापट्या बदक ते रुंद चोचीने गाळूनच खातं. नर हिरव्या डोक्याचा, कुशीला विटकरी रंग. तलवार बदकं आणि चक्रांग यांच्यासाठी मात्र अमीनपूर तलाव गाठा. 2016 मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पट्टकादंब हंस पाहायचे तर संगारेड्डीजवळचं मंजिरा अभयारण्य. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

शिकारी पक्ष्यांसाठी पहाटे उठायची गरज नाही! ऊन तापून हवा वर चढू लागली की ते घिरट्या घालतात. बदकांचा थवा एकदम उडाला तर आधी आकाशात पाहा. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून लव्हाळ्यांच्या बेटांवरून कमी उंचीवर तरंगत जाणारा तो भोवत्या; घार पंख असे धरत नाही, शेपटी सतत वळवते.

घुबडांपैकी पिंगळा सोपा. संध्याकाळी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या झाडांच्या ढोल्या न्याहाळा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, टॉर्चही नको. दुर्बीण 8×42 पुरेशी.