नावेचें इंजिन आणि त्याचा पंखा

गाडीस बैल जुंपण्यापूर्वीं शहाणा शेतकरी गाडींत काय भरावयाचें आहे आणि वाट चढाची आहे कीं सपाटीची आहे हें पाहतो. नावेस इंजिन घेतांना मात्र पुष्कळ मंडळी हा साधा क्रम विसरतात. आधीं अधिक अश्वशक्तीचें इंजिन पसंत करावयाचें, आणि मग तें कोणत्या नावेस लावावें याचा विचार करावयाचा, असा प्रकार सर्रास आढळतो. पंख्याची आठवण तर शेवटीं होते, किंवा होतही नाहीं.

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हा विषय दूरच्या समुद्राचा वाटेल, पण तसा तो नाहीं. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली या बाजूस इंजिनाच्या नावा नित्य चालतात. वासोट्यास जाणारा प्रवासी बामणोलीहून नावेनेंच जातो. इकडे कृष्णाकाठीं पूर आला म्हणजे पूर्वीं गूळ शिजविण्याच्या काहिलींत बसून माणसें पाणी ओलांडीत. आतां गांवोगांवीं इंजिनाच्या नावा लागतात. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेनें ५७ फुटांची पातळी ओलांडली. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें, जेथें येरळा कृष्णेस मिळते, पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून १७ जण मृत्यु पावले. नावेंत क्षमतेहून अधिक माणसें बसलीं होतीं. म्हणून या विषयाचें गणित नीट समजून घेणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.

नावेच्या मागील फळीस बाहेरून पकडीनें अडकविण्याच्या इंजिनास आउटबोर्ड मोटर म्हणतात. वर इंजिन, मध्यें उभा दांडा आणि पाण्याखालीं पंखा, असें हें एकसंध यंत्र असतें. नॉर्वेंत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड या अमेरिकन कारागिरानें १९०९ च्या सुमारास अशीं इंजिनें बाजारांत आणून लोकप्रिय केलीं. पंख्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. मळसूत्री खिळा लांकडांत फिरविला असतां प्रत्येक फेऱ्यास ठराविक अंतर पुढें सरकतो. पंखा हाही पाण्यांत फिरणारा मळसूत्राचा तुकडाच होय.

पंख्यावर बहुधा दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पाणी लांकडासारखें घट्ट असतें तर पंखा एका फेऱ्यांत जितकें अंतर पुढें गेला असता, तें अंतर म्हणजे पिच. समजा, इंजिन मिनिटास ५,५०० फेरे घेत आहे, आणि खालच्या दांतेरी चाकांमुळें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २,७५० फेरे घेत आहे. पिच ११ इंच, म्हणजे सुमारें २८ सेंटिमीटर असेल, तर पंखा मिनिटास ७७० मीटर, अर्थात् ताशीं सुमारें ४६ किलोमीटर जावयास पाहिजे. परंतु पाणी मागें सरकतें व पंखा थोडा घसरतो. हलक्या, वेगवान् नावेची ही घसर दहा ते वीस टक्के असते. जड नावेची याहून कितीतरी अधिक.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मोटार खंबाटकीचा घाट चढूं लागली म्हणजे चालक गिअर बदलतो. इंजिनाचे फेरे वाढतात, वेग कमी होतो, पण गाडी चढते. नावेच्या या इंजिनास पुढें जाण्याकरितां बहुधा एकच गिअर असतो. नदीला घाट नाहीं हें खरें, परंतु नावेंतील भार हाच तिचा घाट होय. तेव्हां जें काम मोटारींत गिअर करितो, तें नावेंत योग्य पंखा निवडून आधींच करून ठेवावें लागतें.

याची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक इंजिनाच्या माहितीपुस्तकांत पूर्ण जोरावर त्यानें मिनिटास किती फेरे घ्यावेत याची मर्यादा दिलेली असते. उदाहरणार्थ, ५,००० ते ६,०००. नावेंत नेहमींचा पुरा भार ठेवून, मोकळ्या पाण्यांत, फेरे मोजण्याचें यंत्र लावून चाचणी घ्यावी. फेरे ४,६०० वरच अडकले, तर पंख्याचा पिच फार मोठा आहे असें समजावें. असें इंजिन वरच्या गिअरमध्यें घाट चढणाऱ्या मोटारीप्रमाणें कण्हत चालतें, तापतें, तेल अधिक खातें व लौकर झिजतें. पिच एक इंचानें कमी केल्यास फेरे साधारणतः १५० ते २०० नीं वाढतात. म्हणून येथें १३ इंचांच्या जागीं १० इंचांचा पंखा लावल्यास फेरे ५,००० च्या वर येतील. उलट फेरे ६,००० च्या पुढें पळूं लागले, तर पिच वाढवावा. रिकाम्या नावेची चाचणी घेऊन पंखा निवडणें म्हणजे रिकाम्या गाडीवर बैलांची परीक्षा करणें होय.

भार वाहणाऱ्या नावेस मोठ्या व्यासाचा व लहान पिचचा पंखा मानवतो. हलक्या नावेस मोठा पिच चालतो. शिवाय नावेची घडणही पाहावी. पाणी कापीत जाणाऱ्या जड नावेच्या वेगास तिच्या लांबीमुळेंच मर्यादा पडते. पाण्याशीं लागलेली लांबी १६ फूट असेल, तर ती मर्यादा ताशीं सुमारें १० किलोमीटर. त्यापुढें इंजिन दुप्पट केलें तरी वेग फारसा वाढत नाहीं, लाटा मात्र मोठ्या होतात. २५ अश्वशक्तीच्या इंजिनाचेंच वजन पन्नास ते सत्तर किलो भरतें. तें सर्व मागच्या फळीवर येऊन नाव मागें बसते. म्हणून नाव बांधणाऱ्यानें ठरविलेल्या मर्यादेबाहेरचें इंजिन कधींही लावूं नये.

स्थळाचाही परिणाम होतो. शिवसागर भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ६५९ मीटर असते. तेथें हवा विरळ असल्यानें साध्या इंजिनाची शक्ति सहा-सात टक्के घटते. कोंकणच्या किनाऱ्यावर बरोबर जुळलेला पंखा तेथें किंचित् जड पडतो.

पंखा किती खोल बसतो हेंही महत्त्वाचें आहे. इंजिनाचे दांडे मुख्यतः १५ व २० इंच उंचीच्या फळ्यांसाठीं बनवितात. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती नावेच्या तळाच्या रेषेंत किंवा इंचभर खालीं असावी. पंखा वर राहिल्यास तो हवा ओढतो, इंजिन किंचाळतें व नाव जागची हलत नाहीं. फार खोल गेल्यास विनाकारण पाण्याचा विरोध वाढतो. पुराच्या पाण्यांत फांद्या, तारा, जलपर्णी वाहत येतात. त्या पंख्यास गुरफटतात व इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग बुजवितात. म्हणून पुरांत जाणाऱ्यानें जादा पंखा, तो काढण्याचीं हत्यारें आणि वल्हीं बरोबर ठेवावींत. इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या मनगटास असावी, व प्रत्येकाच्या अंगांत तरंगणारें जाकीट असावें.

आतां विद्यार्थ्यांनीं एक प्रश्न मनाशीं घोळवावा. पुरांत माणसें एकाच फेरींत नावेंत कां गर्दी करितात? दुसरी फेरी येईल असा त्यांस भरंवसा नसतो म्हणून. हा भरंवसा देणें इंजिनाच्या व पंख्याच्या योग्य जुळणीच्या हातीं आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वींच गांवानें आपली नाव पाण्यांत घालावी. आठ माणसें न्यावयाचीं असतील तर पांचशें-सव्वापांचशें किलो वाळूचीं पोतीं तींत ठेवावींत. फेरे मोजावेत, कांठ पाण्यापासून किती वर राहतो तें पाहावें, आणि ठरेल ती संख्या नावेच्या बाजूवर ठळक रंगवावी. अमेरिकेंत वीस फुटांखालील होड्यांकरितां असा स्थूल नियम आहे कीं, लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावी व पंधरांनीं भागावें. १५ फूट लांब व ५ फूट रुंद होडींत पांच माणसें. हाही शांत पाण्याचा हिशेब. खवळलेल्या पाण्यांत याहून कमी.

मग त्या संख्येपुढील माणसास कांठावर थांबावयास सांगतांना नावाड्याच्या शब्दास वजन येईल. कारण तो थोड्याच वेळांत परत येणार आहे, हें त्यालाही ठाऊक असेल आणि गांवालाही.