भूमिगत वाहनतळातील हवा आणि तिचे गणित

वारा डोळ्यांना दिसत नाही. झाडाचे पान हलले म्हणजे तो वाहतो आहे असे आपण म्हणतो. परंतु जेथे हलावयास पानही नाही, अशा जमिनीखालच्या दालनात हवा कोणत्या वाटेने जाते हे कसे ओळखावे? मोठ्या शहरांतील इमारतींखाली मोटारी ठेवण्यासाठी तळघरे बांधणाऱ्या स्थापत्यतज्ज्ञांपुढे हाच प्रश्न असतो. गणित त्याचे उत्तर कसे देते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

प्रथम धोका ध्यानी घेऊ. पेट्रोलचे ज्वलन अपुरे झाले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, घेरी येते, आणि मात्रा वाढल्यास मृत्यू ओढवतो. नाक येथे पहारा करू शकत नाही. म्हणून बंदोबस्त आधीच करावा लागतो.

इंग्लंडमधील इमारतविषयक मार्गदर्शनात, यांत्रिक वायुवीजन असलेल्या तळघरातील वाहनतळाची हवा ताशी निदान 6 वेळा बदलावी असे सांगितले आहे. समजा, तळघर 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर उंच आहे. त्याचे घनफळ 5,400 घनमीटर. ताशी सहा वेळा म्हणजे 32,400 घनमीटर, अर्थात सेकंदाला 9 घनमीटर हवा पंख्यांनी बाहेर ओढली पाहिजे.

हिशेब सुटला असे वाटेल. पण खरी अडचण पुढेच आहे. ताजी हवा उतरत्या रस्त्याने आत आली आणि पंखे त्याच्या जवळच असले, तर ती जवळच्या वाटेने लगेच बाहेर पडते. दूरच्या कोपऱ्यातील, खांबांआडची हवा तशीच कोंडून राहते. सरासरी पुरी भरते, कोपरा मात्र विषारीच राहतो.

म्हणून तज्ज्ञ संगणकात त्या तळघराची आकड्यांची प्रतिमा उभारतात. सारी जागा लहान लहान घनांत विभागतात. घनाची बाजू 20 सेंटिमीटर घेतल्यास आपल्या उदाहरणात 6,75,000 घन होतात. प्रत्येक घनात शेजाऱ्याकडून किती हवा आली, किती गेली, तिचा वेग व दाब किती, हे संगणक पुनःपुन्हा मोजतो. त्यामागील समीकरणे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे नाविए व केंब्रिजचे स्टोक्स यांनी मांडली. या गणनेत कोंडलेला कोपरा आधीच उघडा पडतो. मग पंख्याची जागा बदलता येते, किंवा छताला झोत सोडणारे पंखे टांगून हवा पुढे ढकलता येते. तेही भिंत बांधण्यापूर्वी.

तथापि आकड्यांवर आंधळा विश्वास नको. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने वातावरणाचे असेच भाग पाडून हवामानाचे गणित हाताने केले व 1922 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सहा तासांत वायुभार 145 मिलिबार वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. पुढे उलगडले की, पद्धतीचे मूळ तत्त्व खरे होते. आरंभीच्या आकड्यांत वारा व दाब यांचा मेळ नव्हता.

वाहनतळालाही हाच न्याय लागू आहे. छताच्या तुळया प्रतिमेत विसरल्या, किंवा मोटारींची संख्या कमी धरली, तर सुंदर रंगीत चित्रही खोटे बोलते. म्हणून बांधकामानंतर वेग मोजून, निरुपद्रवी धूर सोडून आणि वायुमापक बसवून पडताळा घ्यावाच लागतो.

विद्यार्थी मित्रांनी एवढे लक्षात ठेवावे : सरासरी म्हणजे प्रत्येकाची स्थिती नव्हे. श्वास घेणारा माणूस सरासरीत उभा नसतो. तो कोणत्या तरी एका कोपऱ्यात उभा असतो. त्या कोपऱ्याचा हिशेब मांडणे, हेच या गणिताचे खरे काम होय.