कळवळा आणि रस्त्याची दुसरी बाजू

(वाचनासाठी शास्त्रभाग : लूक १०:२५-३७)



'कळवळा' हा शब्द शुभवर्तमानांत आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्याच्यावरून आपली नजर सहज पुढे सरकते. भाषांतराचे काम करणाऱ्याला मात्र तेथे थांबावे लागते. मूळ ग्रीक क्रियापदाचा उच्चार साधारणपणे 'स्प्लाग्ख्निझोमाइ' असा होतो, आणि ते ज्या नामावरून आले ते नाम पोटातील आतल्या अवयवांचे आहे : हृदय, यकृत, आतडी. ग्रीक कवींना हे अवयव क्रोधासारख्या प्रबळ विकारांचे स्थान वाटत. यहूदी लेखकांनी मात्र तोच शब्द मायेसाठी वापरला. त्यांच्या इब्री भाषेतही असेच आहे. तेथे करुणेला 'रहमीम' म्हणतात आणि त्याचे नाते 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे.

इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात काही ठिकाणी आतडी शब्दशः उतरली आहेत, आणि आजच्या इंग्रजी वाचकाला ती विचित्र वाटतात. आपल्याला तशी अडचण नाही. लेकराच्या आजारपणात आपल्या आया 'पोटात तुटतं' असे म्हणतात. 'आतडं पिळवटलं' म्हणतात. स्वतःच्या मुलाला 'पोटचा गोळा' म्हणतात. मराठी माणसाला करुणेचा पत्ता विचारला तर तो डोक्याकडे बोट दाखवणार नाही. 'दया' हा शब्द चांगलाच आहे, परंतु दया उंचावरूनही करता येते. कळवळा येतो तेव्हा आपलेच आतडे ओढले जाते.

नव्या करारात हे क्रियापद बारा वेळा येते आणि ते केवळ मत्तय, मार्क व लूक या तीन शुभवर्तमानांतच आढळते. बहुतेक ठिकाणी ते प्रभू येशूविषयीच आहे : मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा समुदाय पाहून, उपाशी लोकांना पाहून, एकुलता एक मुलगा गमावलेल्या नाईन गावच्या विधवेला पाहून. मार्क ९:२२ मध्ये एका पीडित मुलाचा बाप त्याच्याजवळ याच शब्दाने मदत मागतो. उरलेल्या तीन जागा प्रभूच्या दाखल्यांतील आहेत. कर्ज सोडणारा धनी, उधळ्या पुत्राला दुरून पाहणारा बाप, आणि आपला शोमरोनी. म्हणजे स्वतः प्रभूविषयी वापरलेला हा शब्द त्याने ज्याच्या पदरी घातला, तो यहूद्यांना परका वाटणारा एक वाटसरू होता.

आता लूकच्या दहाव्या अध्यायातील वाट पाहू. यरुशलेम उंच डोंगरावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या वाटेत हजार मीटरांची उतरण, दोन्ही बाजूंना ओसाड कडे. याजकही 'खाली जात' होता, असे लूक स्पष्ट सांगतो. प्रेताच्या स्पर्शाने विटाळ होऊन मंदिरातील सेवेत खंड पडेल, अशी भीती त्याला असावी, असे त्याच्या बाजूने पुष्कळदा मांडले जाते. परंतु ज्याची पाठ यरुशलेमाकडे आहे त्याच्यासाठी ही वकिली मला लंगडी वाटते. तो मंदिराकडे जात नव्हता. मंदिराकडून येत होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तिघांनीही त्या जखमी माणसाला पाहिले. लूकने तिघांविषयीही पाहण्याचेच क्रियापद योजले आहे. पहिले दोघे पाहून दुसऱ्या बाजूने चालते झाले. त्यांना कळवळा आला नाही, असे शास्त्र म्हणत नाही. त्यांनी कळवळा येण्याइतका वेळ तेथे काढला नाही, एवढेच दिसते. शोमरोनी मात्र आधी तो माणूस होता तेथवर आला. त्याने पाहिले, त्याला कळवळा आला, आणि तो आणखी जवळ गेला.

कळवळा आज्ञेने येत नाही. 'आज मी कळवळणार' असे सकाळी उठून कोणी ठरवू शकत नाही. पण आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतो, ते आपल्या हाती असते. १ योहान ३:१७ मध्ये हेच 'आतडी' असे नाम आले आहे, आणि तेथे गरजू बंधूला पाहूनही ती बंद करून घेणाऱ्याविषयी इशारा आहे. म्हणजे ती बंद करता येतात, आणि रोजच्या जीवनात आपण ती फार सभ्यपणे बंद करतो. उपासना संपल्यावर नुकतीच विधवा झालेली भगिनी दाराशी उभी असते. काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून आपण दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. कामवाली बाई चार दिवस आली नाही, तर आपण पगारातून चार दिवस वजा करतो, ती का आली नाही ते विचारत नाही. विचारले तर ऐकावे लागेल. इंदूर, हैदराबाद, दिल्ली, बेंगळूर येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना आणखी एक सबब सोयीची पडते : ही आपली भाषा नाही, हे आपले लोक नाहीत. शोमरोनीही परमुलखातच होता.

पंडिता रमाबाईंचे येथे स्मरण होते. तरुणपणी दुष्काळातील भटकंतीत त्यांचे आईवडील गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या, मदतीच्या छावण्यांतील मुली आणि विधवा यांना डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांना बरोबर घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. पुण्यात बसून वर्गणी पाठवता आली असती. याच रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून खेड्यातील बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. त्या १९२२ साली प्रभूकडे गेल्या, आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रभूने शेवटी प्रश्न विचारला तेव्हा त्या शास्त्र्याने दिलेल्या उत्तरात कळवळ्याचा शब्द नाही. त्याने 'शोमरोनी' हे नावही उच्चारले नाही. ज्याने दया 'केली' तो, असे तो म्हणाला, आणि प्रभूने ते उत्तर स्वीकारून त्यालाही तसेच करावयास सांगितले.

हे त्यांच्यासाठी लिहीत आहे, ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. वळकटी बदलताना, औषध पाजताना मन कोरडे असते, कधी चीडही येते, आणि मग आपला विश्वासच खोटा आहे की काय अशी शंका त्यांना छळते. त्यांनी चौतीस व पस्तीस ही वचने एकत्र वाचावीत. शोमरोनीने त्या रात्री जखमी माणसाची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे, म्हणजे दोन दीनार, काढून त्याने उतारशाळेच्या रक्षकाला सांगितले, याची काळजी घे. दोन्ही वचनांत मूळ क्रियापद एकच आहे. त्या रक्षकाला कळवळा आला होता की नाही, याविषयी लूक काहीच लिहीत नाही.