पाच वॉट पुष्कळ झाले

जुलै 2025 मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले. ते ऐकून पुष्कळांना नव्यानं उमगलं की अवकाशाशी बोलायला इस्रोची अजस्र डिशच लागते असं नाही. परवाना असलेला हौशी माणूस आपल्या गच्चीवरून, हातातल्या सेटवर, उपग्रहामार्फत दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी बोलू शकतो. या छंदाकडे वळणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: सेट किती वॉटचा घेऊ? सगळं बिनसतं ते इथूनच, असं माझं मत आहे. उपग्रहाच्या कामात आपला आवाज वर पोहोचणं ही अडचण क्वचितच असते. वरून आलेला आवाज आपल्याला ऐकू येणं ही खरी अडचण. आणि ऐकू येत नाही म्हणून जो वॉट वाढवतो, तो स्वतःचं काही साधत नाहीच, वर शेकडो कोसांवरच्या लोकांचा पास, म्हणजे उपग्रह त्यांच्या आकाशातून जातो तेवढी मोजकी वेळ, वाया घालवतो.

हिशेबानंच बोलू. डिसेंबर 2002 मध्ये सोडलेला सौदीसॅट-1सी, हॅम मंडळींच्या भाषेत एसओ-50, हा नवशिक्यांचा जुना उपग्रह. त्याच्याकडे बोलायचं 145.850 मेगाहर्ट्झवर, त्याचं ऐकायचं 436.795 वर. त्याचा ट्रान्समीटर पाव वॉटचा. तुमच्या हातातला साधा सेट पाच वॉटचा, म्हणजे वीसपट. शिवाय खाली येणारी वारंवारता वर जाणाऱ्या वारंवारतेच्या तिप्पट आहे. अँटेनाचं बळ दोन्हीकडे सारखं धरलं तर तेवढ्याच अंतरात ती नऊपट जास्त क्षीण होते. वीस गुणिले नऊ. तुमची हाक वर जितक्या जोरात पोहोचते, तिच्या सुमारे एकशे ऐंशीव्या हिश्शानं त्याचं उत्तर खाली येतं. मग उत्तर ऐकू आलं नाही तर दोष कुणाच्या घशाचा? पाच वॉटचे पन्नास केल्यानं हे गणित सुधारत नाही, आणखी बिघडतं: आता उपग्रह तुम्हाला ठणठणीत ऐकतो आणि तुम्ही मात्र ठार बहिरे. चॅनल रिकामाच आहे असं समजून तुम्ही पुन्हा पुन्हा बटण दाबत राहता.

याचा त्रास किती लांबवर जातो, हे इंदूरच्या माणसानं इतरांपेक्षा जास्त ध्यानात ठेवायला हवं. आपलं शहर देशाच्या साधारण मध्यात. अवकाश स्थानक चारशेहून थोड्या जास्त किलोमीटर उंचीवरून आपल्या डोक्यावर येतं, तेव्हा त्याला दिसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास असते. श्रीनगर, कन्याकुमारी, गुवाहाटी ही सगळी गावं त्या वर्तुळात. स्थानकावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा खाली प्रसारित करणारं यंत्र, एका वेळी एकालाच पेलतो. एफएममध्ये जो जोरकस, तोच रिसीव्हर काबीज करतो आणि बाकीचे पुसले जातात. पास मोठा असला तरी दहा मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं राजवाड्यामागच्या एखाद्या गच्चीवरून पन्नास वॉटची शिट्टी वाजत राहिली, तर केरळातल्या विद्यार्थ्यानं आठवडाभर जपलेली संधी गेली. त्याचं नाव तुम्हाला कधी कळणारही नाही.

एफएमऐवजी लिनिअर ट्रान्सपाँडर असलेल्या उपग्रहांवर अनेक जण एकाच वेळी बोलू शकतात, पण तिथं नुकसान अधिक बारीक असतं. आपल्या हॅमसॅटचंच उदाहरण घ्या. इस्रोनं 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 वर कार्टोसॅट-1 बरोबर तो सोडला. वजन साडेबेचाळीस किलो, आत दोन ट्रान्सपाँडर: एक भारतात बनवलेला, दुसरा एका डच हौशी तंत्रज्ञाच्या हातचा. जगभरच्या हॅमनी व्हीओ-52 म्हणून त्याच्यावर नऊ वर्षं मनसोक्त गप्पा मारल्या. जुलै 2014 मध्ये बॅटरीनं मान टाकली आणि तो थांबला. अशा ट्रान्सपाँडरची ताकद एक वॉटच्या घरातली, आणि ती त्या क्षणी बोलणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. एकानं आरडाओरड केली की तीच ताकद त्याच्या एकट्याच्या आवाजावर खर्च होते आणि इतरांचे आवाज खाली दबतात. पंगतीत एकानंच वाढप्याचा हात धरून ठेवावा तसं. 1974 मध्ये सोडलेला एओ-7 तर आणखी नाजूक. 1981 मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन तो मुका झाला आणि 2002 मध्ये आपसूक पुन्हा बोलू लागला. बॅटरी कामातून गेलेलीच, त्यामुळे तो चालतो फक्त उन्हात असताना, पॅनेलच्या विजेवर. त्याच्यावर कुणी जास्त वॉट ओतले की त्याचा व्होल्टेजच हलतो आणि सगळ्यांचे आवाज थरथरायला लागतात. पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्याशी असं वागू नये.

ही माझी एकट्याची कुरकुर नाही. कतारच्या एस्हेल-2 या उपग्रहावर क्यूओ-100 हा हौशी ट्रान्सपाँडर आहे. तो भूस्थिर, 26 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे इंदूरहून पश्चिमेच्या आकाशात क्षितिजापासून साधारण एकोणतीस अंश वर, कायम एकाच जागी. तिथला दंडक स्पष्ट आहे: तुमचा आवाज उपग्रहाच्या बीकनपेक्षा, म्हणजे त्याच्या अखंड खूण-संदेशापेक्षा, मोठा नको. तो मोडला की लायला नावाची यंत्रणा तुमच्याच आवाजावर सायरन चढवते. जगातल्या जाणत्या लोकांना अशी यंत्रणा उभारावी लागली, यावरून हा रोग किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे ते ओळखावं.

मग पैसे आणि कष्ट घालायचे कशात? अँटेनात. सेटबरोबर येणारी रबरी काडी उपग्रहासाठी जवळजवळ निरुपयोगी. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपवर सुताराच्या पोलादी मेजरिंग टेपचे तुकडे बसवून केलेली यागी, म्हणजे एका दिशेनं रोखायची अँटेना, तिच्या कितीतरी पट ऐकते. 436 मेगाहर्ट्झसाठी मुख्य तुकडा 34 सेंटिमीटरच्या आसपास, 145 साठी मीटरभर. टेपवरचा रंग खरवडून डाख नीट बसवा, कारण बहुतेक घरगुती अँटेना रुसतात त्या याच सांध्यावर. ती हातात धरून उपग्रहाच्या मागोमाग फिरवायची, आणि आवाज मंदावला की मनगट वळवून अँटेना स्वतःभोवती पाव फेरी फिरवायची. उपग्रह वर कलंडत असतो, तशी लहरींची दिशा बदलते. एवढ्या वळवण्यानं गेलेला आवाज परत येतो. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा ठेवा; ती खरखर सोसली नाही तर उपग्रह कळणारच नाही. डॉप्लरचं, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे सरकणाऱ्या वारंवारतेचंही भान हवं. स्थानकाचा रिपीटर 437.800 वर बोलतो, पण ते क्षितिजावरून वर येताना 437.810 वर ऐकायचं आणि डोक्यावरून पुढं गेलं की उतरत 437.790 पर्यंत यायचं. वर जाणारी 145.990 आहे तशीच राहू द्या, रिपीटर उघडणारा 67 हर्ट्झचा टोन तेवढा विसरू नका.

आणि शक्य असेल तर दोन सेट वापरा, एक बोलायला, दुसरा इअरफोन लावून ऐकायला. स्वतःचाच आवाज वरून परत येताना ऐकू आला, तर आपण पोहोचलो याचा तोच पुरावा. मग वॉट कमी करत जायचं, जेमतेम ऐकू येईल तिथवर. यात एक खोच आहे. 145.990 ची तिप्पट 437.970 होते, म्हणजे तुमच्या ट्रान्समीटरचं तिसरं हार्मोनिक ऐकण्याच्या जागेला अगदी खेटून पडतं आणि शेजारचा सेट बधिर होतो. दोन्ही सेटमध्ये अंतर ठेवा किंवा मध्ये फिल्टर लावा. इथंही, वॉट जितके जास्त तितका बधिरपणा जास्त.

यावर लोक म्हणतात, गावाबाहेर मोकळं माळरान असणाऱ्याला हे सांगणं सोपं. विजयनगरच्या फ्लॅटमध्ये चारी बाजूंनी इमारती, एलईडी दिव्यांचा आणि स्वस्त चार्जरचा गोंगाट, तिथं वॉट नको तर काय करायचं? अडचण खरी आहे, उपाय चुकीचा. तो गोंगाट तुमच्या कानाशी आहे, उपग्रहाच्या नाही. तुमचे वॉट त्याला स्पर्शही करत नाहीत. पास निवडा. क्षितिजावरचं स्थानक तुमच्यापासून तेवीसशे किलोमीटर लांब असतं, डोक्यावरचं सव्वाचारशे. एवढ्या फरकानं आवाज तीसपट बळावतो. तीस अंशांखालचे पास सोडून द्यायचे, गच्चीवर जायचं, किंवा सुट्टीच्या दिवशी महूकडच्या जानापावच्या बाजूला निघायचं. माळव्याचं पठार सपाट आहे, थोडं शहराबाहेर पडलं की क्षितिज मोकळं होतं. (पावसाळ्यात विजा चमकत असताना मात्र उघड्यावर धातूची काठी उंचावून उभं राहण्याचं धाडस कुणी करू नये.)

दुसरा आक्षेप परवान्याचा. सेट ऑनलाइन मिळतो, पाच वॉटचाच आहे, कोण विचारतो? मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या, तेव्हा विचारणारे आहेत. पण भीतीपेक्षा माझं कारण वेगळं आहे. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा देताना वारंवारता, हार्मोनिक, शक्ती हे विषय वाचावेच लागतात, आणि वर सांगितलेल्या निम्म्या चुका तिथंच टळतात. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परवाना हाती पडायला वेळ लागतो, हे खरं. तो वेळ ऐकण्यात घालवा. क्यूओ-100 ऐकायला तर सेटही नको. इंग्लंडमधल्या गूनहिली इथला रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही उघडा आहे, आणि पडद्यावर कोण सभ्यपणे बोलतोय, कोणावर सायरन चढलाय, हे रेघांमधून डोळ्यांनी दिसतं.

मोबाइल असताना हे हवं कशाला, असंही विचारलं जातं. बोलण्यासाठी नकोच. पण पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ घडवला आणि 22 जून 2016 रोजी तो पीएसएलव्ही-सी34 वरून गेला, तो हौशी बँडवर संदेश पोहोचवण्यासाठीच. ऐकणाऱ्या माणसांचं जाळं नसतं तर असा उपग्रह बांधून उपयोग काय होता? ते जाळं मोबाइल कंपनी पुरवत नाही.

परवाना आला, कान तयार झाले, की प्रत्यक्ष बोलणं फार थोडं असतं. आधीचं बोलणं संपू द्यायचं, आपलं कॉलसाइन एकदा आणि आपला ग्रिड चौकोन, म्हणजे नकाशावरच्या आपल्या जागेची खूण, एकदा सांगायचा, बटण सोडायचं. इंदूर, महू आणि सिमरोल एमएल72 मध्ये येतात. उज्जैनहून बोलत असाल तर एमएल73, आणि देवासला गेलात तर एमएल82.